विसरणाऱ्याच्या घरी कोण येतं?

1980 साली अमेरिकेत स्टीव्हन झारिट आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एक छोटासा अभ्यास छापला. डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरी सांभाळणाऱ्या 29 जणांना त्यांनी विचारलं, की या सांभाळण्याचा तुमच्यावर किती भार पडतो? आपण कुणीही म्हणालो असतो की आजार जितका पुढे गेलेला, तितका सांभाळणारा जास्त पिचलेला. आकडे तसं सांगेनात. माणूस किती विसरतो, किती गोंधळ घालतो, याचा आणि भाराचा धड संबंध लागेना. संबंध लागला तो भलत्याच गोष्टीशी: बाकीचे नातेवाईक त्या घरी किती वेळा येऊन जातात याच्याशी. जिथे येणंजाणं जास्त, तिथे भार कमी.

29 माणसं म्हणजे फारच थोडी. पुढे मोठे अभ्यास झाले आणि त्यांत दिसलं की वागण्यातल्या बदलांचा भारही पडतोच. रात्र-रात्र जागवणारा, संशय घ्यायला लावणारा आजार नुसत्या विसराळूपणापेक्षा कितीतरी जास्त थकवतो. तरी त्या जुन्या निष्कर्षाचा धागा सुटला नाही. गेल्या चाळीस-पंचेचाळीस वर्षांत डिमेन्शियाच्या घरांवर जे संशोधन झालं, त्यातला कामाचा बराचसा भाग फिरून फिरून त्याच प्रश्नापाशी येतो. या घरी बाहेरचं कोण येतं, आणि येऊन काय करतं?

आधी आजाराबद्दल थोडक्यात. डिमेन्शिया म्हणजे स्मृतिभ्रंश. हा एकच एक आजार नाही. अल्झायमर, मेंदूच्या रक्तवाहिन्यांचे विकार आणि आणखी काही आजार मिळून मेंदूचं जे नुकसान होतं, त्याचं हे सामाईक नाव. सुरुवात बहुधा ताज्या आठवणी जाण्यापासून होते. पुढे पैशांचा हिशेब, नेहमीचा रस्ता, योग्य शब्द, कपडे चढवण्याचा क्रम, असं एकेक सुटत जातं. शेवटी गिळणंही. आपल्याकडे "वय झालं", "म्हातारचळ लागला" म्हणून हे सोडून द्यायची रीत आहे. पण वयामुळे धोका वाढतो, एवढाच वयाचा संबंध. भारतातल्या ज्येष्ठांच्या देशव्यापी पाहणीतून 2023 मध्ये जो अंदाज आला, त्यानुसार साठीपुढच्या 7.4 टक्के लोकांना, म्हणजे सुमारे 88 लाख जणांना डिमेन्शिया आहे. उलट बाजूने वाचा: साठी ओलांडलेल्या शंभरांतल्या ब्याण्णवांना तो नाही. तेव्हा हे 'चालायचंच' नव्हे. आणखी एक, अचानक दोन-चार दिवसांत माणूस बरळू लागला तर ते बहुधा वेगळंच काही असतं. लघवीचा संसर्ग, औषधांचा परिणाम, अंगातलं सोडियम कमी होणं. थायरॉइड आणि बी-12 च्या कमतरतेनेही विसराळूपणा येतो. त्यामुळे पहिला फेरा डॉक्टरांकडेच.

पण निदान झाल्यावर डॉक्टरांकडे देण्यासारखं फार काही नसतं. डोनेपेझिलसारख्या गोळ्या काहींना काही काळ थोडा आधार देतात. 2023 साली अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेल्या लेकानेमॅब या नव्या औषधाचा मोठा गाजावाजा झाला. त्याच्या 18 महिन्यांच्या चाचणीत औषध घेणारे आणि न घेणारे यांच्यातला फरक होता आजार किती वाढला ते मोजणाऱ्या 18 गुणांच्या मोजपट्टीवर 0.45 गुणांचा, तोही अगदी सुरुवातीच्या टप्प्यातल्या रुग्णांत. तेवढा फरक घरच्यांना जाणवेल का, यावर डॉक्टरांतच दोन तट आहेत.

मग उरतात ती आजाराची पुढची आठ-दहा वर्षं, आणि ती दवाखान्यात जात नाहीत. ती जातात स्वयंपाकघरात, बाथरूमच्या दारात, रात्री तीन वाजता पॅसेजमधे. तिथे लागणाऱ्या मदतीला 'सामाजिक काळजी' म्हणतात: आंघोळ, जेवण, सोबत, घराबाहेर सुरक्षित फिरणं, दिवसभर काहीतरी करायला असणं, आणि हे सगळं निभावणाऱ्या माणसाला विसावा, माहिती, पैसा, कुणाशी तरी बोलणं. हे निभावतं कोण? जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे जगभर घरचे लोक रोज सरासरी पाच तास या कामात घालवतात आणि त्यातले 70 टक्के तास बायकांचे असतात. आपल्याकडे त्या बाईला नाव असतं: सून, बायको, लग्न न झालेली किंवा माहेरी परत आलेली मुलगी. ऐपत असेल तर ब्यूरोची बाई, बारा तासांची किंवा चोवीस तासांची, आणि तिलाही या आजाराबद्दल कुणी काही शिकवलेलं नसतं.

पाटल्या कुणी घेतल्या?

या घरांत जवळजवळ हटकून घडणारं एक भांडण घेऊ. सासूबाई कपाट उघडतात, पाटल्या दिसत नाहीत. "हिनेच नेल्या माहेरी." पाटल्या त्यांनी स्वतःच उशीच्या अभ्र्यात लपवलेल्या असतात, पण लपवल्याची आठवण उरलेली नसते. रिकामी जागा दिसते आणि तिचं कारण मेंदूला हवं असतं. घरात सतत डोळ्यांसमोर असणारी व्यक्ती कोण? जी त्यांचं सगळं करते तीच. म्हणून आळ तिच्यावर येतो. सून आधी समजावते, मग पुरावे देते, मग रडते, मग तीही आवाज चढवते. तासाभराने सासूबाई भांडण विसरतात. सून विसरत नाही.

अशा प्रसंगाचं काय करायचं, हे शिकवता येतं का? लंडनमधल्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या गिल लिव्हिंगस्टन यांच्या चमूने नेमकं हेच तपासलं. त्यांच्या कार्यक्रमाचं नाव 'स्टार्ट'. सांभाळणाऱ्या व्यक्तीला आठ बैठका, बहुतेक तिच्या घरीच, एकास एक. शिकवणारे कोण, तर मानसशास्त्राचे ताजे पदवीधर. त्यांना आधी प्रशिक्षण दिलेलं होतं आणि वर देखरेखीला एक अनुभवी मानसशास्त्रज्ञ होता. बैठकांमधे भाषण नसायचं. मागच्या आठवड्यात काय घडलं ते लिहून आणायचं: भांडणाच्या आधी काय झालं होतं, नक्की काय घडलं, मग तुम्ही काय केलंत, त्यावर ते काय म्हणाले. पाटल्यांच्या गोष्टीत हे लावून पाहा. आधी काय झालं? संध्याकाळची वेळ, बाहेर जायची गडबड, कपाट उघडं. तुम्ही काय केलंत? 'मी घेतल्या नाहीत' हे पटवायला गेलात. पण पटवून घेणारं यंत्रच मोडलेलं आहे. त्याऐवजी "पाटल्या सापडत नाहीत? चला, दोघी मिळून शोधू" असं म्हटलं तर बाजू बदलते, आरोपी सोबतीण होते. लपवायच्या तीन-चार ठरलेल्या जागा आपल्याला माहीत असतातच. आणि खऱ्या पाटल्या लॉकरमधे ठेवून एक ग्रॅमच्या कपाटात ठेवल्या तरी चालतात.

बैठकांचा दुसरा अर्धा भाग सांभाळणाऱ्याच्या स्वतःच्या मनासाठी होता. 'मीच कमी पडते' हा विचार कुठून येतो, श्वास आणि अंग सैल कसं सोडायचं, आठवड्यातून एखादी गोष्ट निव्वळ स्वतःला बरं वाटावं म्हणून कशी करायची, मदत मागायची कुणाकडे, पुढे काय येणार आहे आणि त्याचं आज काय ठरवून ठेवायचं.

260 कुटुंबं घेतली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची विभागणी केली: 173 जणांना आठ बैठका, 87 जणांना नेहमीची सरकारी सेवा. ही चिठ्ठी महत्त्वाची. ज्यांना हवं त्यांना बैठका दिल्या असत्या तर मुळातच उत्साही, शिकलेले, सवड असलेले लोक आले असते, आणि पुढे ते बरे दिसले तरी ते बैठकांमुळे की मुळातच, हे कळलं नसतं. चिठ्ठीमुळे दोन्ही गट सारखे होतात आणि फरक पडलाच तर तो बैठकांच्या खात्यावर जातो. 2013 साली पहिले निकाल आले: बैठका मिळालेल्यांची चिंता आणि उदासी कमी. पण खरं लक्षात राहावं ते सहा वर्षांनंतरचं. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा बैठका न मिळालेल्यांत उपचार लागावेत इतकं नैराश्य असण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. आठ बैठका, त्याही पदवीधर पोरांनी घेतलेल्या, आणि परिणाम सहा वर्षं! औषधाच्या चाचणीत असा निकाल आला असता तर कंपनीने पानभर जाहिराती दिल्या असत्या.

हे कौशल्य शिकवलं नाही तर काय होतं याचंही गणित ब्रिटनमधे झालं आहे. चिडचिड आणि आरडाओरड थांबवायला भ्रमावरची औषधं देऊन माणसाला गप्प बसवण्याची प्रथा तिथेही होती. 2009 साली सुबे बॅनर्जी यांनी सरकारसाठी केलेल्या अहवालात अंदाज मांडला की वर्षाला डिमेन्शियाच्या 1,80,000 रुग्णांना ही औषधं दिली जात होती आणि त्यांच्यामुळे सुमारे 1,800 जास्तीचे मृत्यू होत होते. ही औषधं कधीच द्यायची नाहीत असं नाही. पण घरात कुणालाच दुसरं काही ठाऊक नसेल तर "डॉक्टर, झोपेचं काहीतरी द्या" हेच उरतं.

गोव्यातल्या दोन घर-सल्लागार

लंडनचं लंडनला ठीक. तिथे निदान होतं, सरकारी दवाखान्यात नाव नोंदलेलं असतं. आपल्याकडे काय? याचं उत्तर शोधायला कोकण ओलांडायची गरज नाही, आणि ते लंडनच्या आधीचं आहे.

1998 मधे कोचीनला काही संशोधक जमले आणि त्यांनी एक गट बांधला. नाव ठेवलं '10/66'. जगातले 66 टक्के डिमेन्शियाग्रस्त गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, पण लोकसंख्येवर आधारित संशोधनातलं जेमतेम 10 टक्के तिथे होतं, म्हणून हे नाव. आपली तक्रारच नावात घालणारा संशोधक-गट मला तरी दुसरा माहीत नाही. याच वर्तुळातले गोव्याचे डॉ. अमित डायस, विक्रम पटेल आणि सहकारी यांनी गोव्याच्या दोन तालुक्यांत एक चाचणी केली. तिचे निकाल 2008 साली प्रसिद्ध झाले.

प्रश्न साधा होता. मानसोपचारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, डिमेन्शियासाठी वेगळी सेवा नाही, वृद्धाश्रम नकोसे. मग घरी जाणार कोण? त्यांनी स्थानिक माणसांना 'घर-सल्लागार' म्हणून तयार केलं. अट एवढीच की लिहिता-वाचता यावं, शक्यतो बारावी झालेली असावी आणि म्हाताऱ्या माणसांत काम करायची मनापासून इच्छा असावी. अशा दोन पूर्णवेळ सल्लागार, त्यांच्या पाठीशी एक अर्धवेळ मानसोपचारतज्ज्ञ आणि एक समुपदेशक. पंधरवड्यातून किमान एकदा घरी भेट, गरज असेल तिथे जास्त वेळा, सहा महिने.

त्या घरी जाऊन काय करायच्या? हा आजार आहे, मुद्दाम चाललेलं नाही, हे सांगायच्या. भिंतीवर कागद लावून सांगितलेलं आणि ओटीवर बसून, चहा पिऊन, तिसऱ्यांदा सांगितलेलं यांत फरक असतो. आंघोळ, कपडे, शी-शू यांची रोजची अडचण ऐकून घेऊन तिच्यावर त्याच घरात जमेल असा तोडगा काढायच्या. वागण्यातला एखादा त्रास फारच वाढला तर डॉक्टरांना आणायच्या. वृद्धांसाठीच्या सरकारी योजना कोणत्या, त्यांचा लाभ कसा घ्यायचा हे सांगायच्या. अशाच दुसऱ्या घरांशी ओळख करून द्यायच्या. यातलं काहीही बारावी झालेल्या माणसाला न जमण्यासारखं नाही, आणि मुद्दा तोच होता.

81 कुटुंबं होती. 41 जणांकडे सल्लागार जाऊ लागल्या, बाकीच्यांना आजाराची माहिती दिली आणि सहा महिन्यांनी तुमच्याकडेही येऊ असं सांगून थांबवलं. थांबवणं कठोर वाटेल. पण कुणाकडेच काही पोचत नसताना निम्म्यांना आत्ता आणि निम्म्यांना नंतर, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग असतो.

सहा महिन्यांनी दोन गोष्टी स्पष्ट दिसल्या. भेटी मिळालेल्या घरांत सांभाळणाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य सुधारलं होतं, आणि रुग्णाच्या वागण्याने होणारा मनस्ताप कमी झाला होता. वागणं स्वतः फारसं कमी झालं नव्हतं. थोडा उतार होता, पण तो योगायोगही असू शकला असता. म्हणजे सासूबाई आळ घेतच होत्या, पण सुनेच्या जिव्हारी तो कमी लागत होता. मला हा निकाल फार खरा वाटतो. 'बरे करतो' म्हणणाऱ्या कुठल्याही जाहिरातीपेक्षा खरा.

याच चाचणीत आणखी एक आकडा आहे जो वाचून थबकायला होतं. त्या सहा महिन्यांत 81 पैकी 18 रुग्ण वारले. भेटींच्या गटात मृत्यू कमी होते, पण संख्या इतकी लहान की त्यावरून काही सिद्ध झालं असं संशोधकांनीही म्हटलं नाही. सहा महिन्यांत पाचातला एक तरी जातो, याचा अर्थ मदत दाराशी पोचली तेव्हा ही माणसं आधीच किती थकली असतील.

झारिट यांच्या भाराच्या मोजपट्टीवर मात्र गोव्यात ठाम फरक दिसला नाही. ही मोजपट्टी आज जगभर 22 प्रश्नांच्या रूपात वापरतात: यांच्यामुळे तुम्हाला स्वतःला वेळ उरत नाही असं वाटतं का, यांना दुसऱ्या कुणाकडे सोपवता आलं तर बरं असं वाटतं का, वगैरे. आता कल्पना करा, शेजारच्या खोलीत सासरे, दारात नवरा, आणि पाहुण्या बाई सुनेला विचारताहेत की तुम्हाला सासूबाईंचा भार वाटतो का. "भार कसला, आपलंच माणूस आहे." झोप लागते का, भूक लागते का, असं विचारलं तर खरं उत्तर मिळण्याचा संभव जास्त. हा माझा तर्क आहे, चाचणीचा निष्कर्ष नव्हे. पण आपल्याकडे घरच्यांना काही विचारायला जाणाऱ्या प्रत्येकाने तो डोक्यात ठेवावा.

जिथे गणित बसलं नाही

अशा लेखांत फक्त यशाच्या गोष्टी येतात, म्हणून काही उलट्या.

सांभाळणाऱ्यांना विचारलं तर सगळ्यात जास्त मागणी असते ती सुटकेची. कुणीतरी आठ दिवस यांना पाहा, मला गावी जाऊन येऊ द्या. त्याला विसावा-सेवा म्हणू. 2014 साली कॉक्रेन या संस्थेने अशा सेवेवरचे सगळे नीट केलेले अभ्यास एकत्र करून पाहिले, आणि फायदा दाखवणारा पुरावा सापडला नाही. म्हणजे विसावा निरुपयोगी आहे? नाही. अभ्यासच मोजके, लहान आणि थोड्या काळाचे होते. 'पुरावा नाही' आणि 'उपयोग नाही' यांतला फरक सरकारी टेबलावर बऱ्याचदा पुसला जातो, तो आपण पुसू नये.

दुसरं, मोबाइल. जागतिक आरोग्य संघटनेने 'आयसपोर्ट' नावाचा ऑनलाइन अभ्यासक्रम बनवला: आपल्या सवडीने, आपल्या फोनवर, फुकट शिका. बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने तो भारतासाठी बदलून घेतला आणि त्याची चाचणी केली. दीडशेच्या आसपास लोक सहभागी झाले, तीन महिन्यांनंतरच्या मोजणीपर्यंत जेमतेम एक तृतीयांश टिकले, आणि नैराश्य किंवा भार यांत फरक दिसला नाही. रुग्णाकडे बघण्याची दृष्टी तेवढी सुधारलेली आढळली. दिवसभर एकाला सांभाळून रात्री अकराला फोनवर धडा उघडून बसेल कोण?

यावरून 'फोन वाईट, भेट चांगली' असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण इंग्लंडमधे क्लॉडिया कूपर यांच्या चमूने 302 कुटुंबांवर केलेल्या चाचणीत बैठका फोनवर किंवा व्हिडिओवरच झाल्या. सहा ते आठ बैठका, घेणारे डॉक्टर-नर्स नव्हेत, आणि प्रत्येक कुटुंबाने आपली उद्दिष्टं स्वतः ठरवायची. कुणाला रात्रीची झोप हवी असेल, कुणाला बाबांनी पुन्हा बागेत जायला लागावं असं वाटत असेल. वर्षभराने बैठका मिळालेली कुटुंबं आपापल्या उद्दिष्टांच्या जास्त जवळ पोचली होती. तर पडदा आडवा येत नाही. पलीकडे आपलं नाव ठाऊक असलेलं, मागच्या वेळचं लक्षात ठेवणारं माणूस आहे की नाही, यावर ते ठरतं.

तिसरं, माणूस असला म्हणजे झालं असंही नाही. अमेरिकेत दोन हजारांहून जास्त कुटुंबांवर केलेल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल 2025 साली आले. प्रशिक्षित काळजी-समन्वयक दीड वर्ष कुटुंबाच्या संपर्कात होते. तरी रुग्णाच्या वागण्यात किंवा सांभाळणाऱ्याच्या ताणात नेहमीच्या सेवेपेक्षा फरक पडला नाही. 'मला हे जमेल' हा आत्मविश्वास मात्र वाढला. समन्वयक सेवा जुळवून देतो, पण आंघोळीच्या वेळच्या मारामारीचं काय करायचं हे बसून शिकवण्याला लागतो तो वेळ वेगळाच असतो. कदाचित फरक तिथे असेल. नक्की सांगता येत नाही, आणि यावर अजून वाद चालू आहे.

आता पुन्हा नातेवाइकांकडे. न्यूयॉर्क विद्यापीठात मेरी मिटेलमन यांनी जोडीदाराला सांभाळणाऱ्या 406 नवरा-बायकांवर वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या कार्यक्रमात सहा बैठका होत्या. त्यांतल्या दोनच सांभाळणाऱ्याशी एकट्याने, उरलेल्या चार सगळ्या कुटुंबाला समोर बसवून. मुलगा, मुलगी, बहीण, जो कोण असेल तो. कोण काय करणार, कुणाला काय वाटतं, कुणाचा कुणावर राग आहे. शिवाय नंतर केव्हाही फोन करायची मुभा. परिणाम: रुग्णाला संस्थेत ठेवायची वेळ सरासरी 557 दिवसांनी पुढे गेली. आपल्याकडे ठेवायला संस्थाच कमी, त्यामुळे ही मोजपट्टी इथे तशी लागू होत नाही. पण ते दीड वर्ष कशातून आलं ते बघा. झारिटना 29 घरांत जे सहज दिसलं होतं, नातेवाइकांचं येणंजाणं, त्याचंच इथे पद्धतशीर औषध केलेलं आहे.

आपल्या घरांत अशी बैठक कुणी बसवत नाही. मोठा भाऊ पुण्यात सांभाळतो, धाकटा न्यू जर्सीहून पैसे पाठवतो आणि व्हिडिओ कॉलवर विचारतो की आई बारीक का दिसते. मुंबईतली बहीण महिन्यातून एकदा येते आणि वहिनीच्या स्वयंपाकात मीठ जास्त असल्याचं सांगून जाते. तिघांचंही आईवर प्रेम असतं, यात खोट नाही. पण येणारं माणूस तपासनीस म्हणून आलं तर भार वाढतो, हे कळायला चाचणी लागत नाही.

मग गोव्यासारख्या सल्लागार सगळीकडे का नाहीत? पगार. दोन बायका, त्यांचा प्रवासखर्च, आठवड्याचे काही तास डॉक्टर. हा खर्च एका एमआरआय यंत्रापुढे काहीच नाही. पण यंत्र विकत घेता येतं, फीत कापता येते. ही नोकरी वर्षानुवर्षं चालवावी लागते आणि तिचं उत्पन्न दिसत नाही, कारण सुनेला नैराश्य न आल्याची नोंद कुठल्याच रजिस्टरमधे होत नाही. केरळने 2014 साली डिमेन्शियासाठी राज्याचा स्वतःचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रात हे काम मुख्यत्वे स्वयंसेवी संस्था आणि काही रुग्णालयांच्या स्मृती-चिकित्सालयांवर चालतं, तेही बहुतेक शहरांत. 'आशा' ताईंकडे द्या, असं लगेच सुचवलं जातं. त्यांच्या वहीत आधीच किती कामं आहेत ते एकदा पाहावं आणि मग सुचवावं.

तोवर दोन दूरध्वनी क्रमांक जवळ असू द्या. ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन 14567. सांभाळणाऱ्याचं स्वतःचं मन खचलं असेल तर टेली-मानस 14416, चोवीस तास.

आणि तुम्ही अशा घरातले नसून अशा घरी जाणारे असाल, तर थोडं तुमच्यासाठी. पाहुणा आला की बरेच रुग्ण सावरून बसतात. हसतात, "या, कसं काय" म्हणतात, जुन्या गोष्टी रंगवून सांगतात. अर्ध्या तासात तुम्हाला वाटतं, यांना तर काहीच झालेलं नाही. तसं दारात बोलूही नका, कारण तुम्ही गेल्यावर जे सुरू होतं ते तुम्ही पाहिलेलं नसतं. जाताना फळं नेण्यापेक्षा वेळ न्या. "तू जा कुठे जायचं तिथे, सात वाजेपर्यंत मी बसतो इथे" असं सांगा. ती आधी नाही म्हणेल. मागच्या खेपेला कुणीतरी असंच म्हणून पंधरा मिनिटांत फोन केलेला असतो, म्हणून. तेव्हा औषधाची वेळ, बाथरूमला कसं न्यायचं, "घरी जायचंय" म्हणून उठले तर काय बोलायचं, हे तिच्याकडून नीट विचारून घ्या, शक्य तर लिहून घ्या. रुग्णाला "मी कोण, ओळखा पाहू" असली परीक्षा घेऊ नका, आपणच नाव सांगा. आणि निघण्याआधी पुढच्या वेळी कधी येणार, तो वार आणि ती वेळ तिला सांगा, म्हणजे तिला त्या दिवशीची दातांच्या डॉक्टरांची वेळ घेता येईल.